३० एप्रिल आणि १ मे : दोन दिवसांत दोन शर्यती, आणि आठव्या किलोमीटरला मी थांबलो

पांदणवाट | ३ मे २०२२, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय ३४, खत-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. चार वर्षं झाली, रोज पहाटे आधी पांदणीने आणि मग डांबरी रस्त्याने सात-आठ किलोमीटर पळतो. परवाच्या शनिवार-रविवारचं सगळं सांगतो, मग प्रश्न विचारतो.

शनिवारी ३० एप्रिल, तुकडोजी महाराजांची जयंती. शेजारच्या गावात ग्रामजयंतीची स्पर्धा होती, पाच किलोमीटरची. (आमच्याकडे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात.) सहाला सुटलो. सूर्य उतरला होता, पण दिवसभर तापलेला रस्ता खालून भाजत होता. तरी बावीस मिनिटं पन्नास सेकंदांत आलो, पाचवा नंबर. ५०१ रुपये आणि शिल्ड मिळाली.

घरी आलो, टरबुजाच्या दोन फोडी खाल्ल्या आणि आडवा झालो. जेवणावर मनच नव्हतं. दहाला लाइट गेली, कूलर बंद. अंगणात बाज टाकली तर पान हलत नव्हतं. झोप झाली तीन तास, फार तर.

रविवारी १ मे, महाराष्ट्र दिन, तालुक्याच्या एका गावी दहा किलोमीटर. पत्रिकेवर वेळ साडेपाच. चारला गाडी काढली, पाचला मैदानावर हजर. शंभरावर पोरं होती. पाहुणे आले सात वाजून वीस मिनिटांनी. हार, नारळ, दोन भाषणं. त्यांना आठचं झेंडावंदन गाठायचं होतं म्हणून तेवढ्यावर आटोपलं. झेंडी पडली पावणेआठला. तोवर आम्ही पावणेतीन तास उघड्यावर उभे. पाण्याचे ड्रम होते, पण ते 'रूटसाठी' म्हणून हात लावू देत नव्हते.

रस्ता रुंदीकरणात झाडं गेलेली, पाच किलोमीटर जायचं आणि तेच यायचं. सहापर्यंत ठीक होतो. सातव्यानंतर हात कोरडे लागायला लागले. आठवा दगड दिसला आणि अंगावर सर्रकन काटा आला. हुडहुडी भरल्यासारखं झालं. एवढ्या तपनीत! रस्त्याचा पांढरा पट्टा एकाचे दोन दिसले. मी थांबलो.

बाजूच्या वावरात एक बाबा आणि त्यांची सून पऱ्हाटी उपटत होते. बाबांनी बाभळीखाली बसवलं. त्यांच्याकडे ओलं पोतं गुंडाळलेली पाच लिटरची कॅन होती. त्यांनी विचारलं नाही की काय झालं. आधी डोक्यावर ओतलं, मग स्वतःचा दुपट्टा भिजवून मानेवर ठेवला, आणि मग म्हणाले, "आता घोट घोट पे."

माझ्या मागून आलेला एकोणीस वर्षांचा भरतीवाला पोरगा फिनिशच्या दोनशे मीटर आधी पडला. मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेला. सलाइन लागलं, संध्याकाळी घरी आला.

आता प्रश्न. एक, मी थांबलो ते बरोबर केलं का? दोन किलोमीटरच राहिले होते, आणि ते मनातून जात नाहीये. दोन, आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत शर्यती घ्याव्यात की नाही? मला वाटतं तारीख चुकली नव्हती, वेळ चुकली. साडेपाचला सोडलं असतं तर साडेसहाला सगळे घरी गेले असते.

---

काळी_माती | ३ मे, ९:२२

थांबलास ते बरं केलंस भाऊ. दहा किलोमीटर पुन्हा पळता येतील.

---

वर्धेकाठ | ३ मे, ९:३१

त्या बाबांचं गाव कोणतं ते विचारलंस का? त्यांना एक टरबूज तरी नेऊन दे.

---

चांदा_भट्टी | ३ मे, ९:४८

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे या दिवसांत रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते. माझं मत स्पष्ट आहे : १५ एप्रिल ते १० जून एकही शर्यत नको. हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात पारा ४५ ला गेला की उष्णतेची लाट, ४७ ला गेला की तीव्र लाट. आपल्याकडे हे आकडे मे महिन्यात नवलाचे नाहीत. यंदाचा एप्रिल तर मध्य भारतात १२२ वर्षांतला सगळ्यात तापलेला, असं खात्यानेच सांगितलं. अशा महिन्यात शंभर पोरांना रस्त्यावर उतरवायचं म्हणजे एखाद्याचा जीव जाण्याची वाट पाहणं. वेळ-बिळ नंतर, आधी तारीख बदला.

---

जुना_गडी | ३ मे, १०:०५

तारीख कशाले बदलता? माझं वय ६८. आमी मे महिन्यात भर दुपारी वखर हाकलं, कापसाच्या गाड्या भरल्या. पायात चप्पल नाई, डोक्यावर एक दुपट्टा. काऊन आमाले काई झालं नाई? आजचे पोट्टे कूलरपुढं झोपतात, फ्रिजचं पाणी पेतात, मंग ऊन लागते. शरीराले सवय करा, उनाले भिऊ नका.

---

उपकेंद्र_ताई | ३ मे, १०:४०

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते, घाटंजीकडच्या भागात. आजोबा, सवयीचं तुमचं म्हणणं खरं आहे. शरीर उन्हाला सरावतं, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं. पण वखर हाकताना तुम्ही तुमच्या चालीने हाकत होता. दमलात की धुऱ्यावर निंबाखाली बसत होता, बैलही उभे राहत होते. शर्यतीत पोरगा स्वतःच्या चालीने पळत नाही, पुढच्याच्या चालीने पळतो. आणि पळणाऱ्या अंगात आतूनच भट्टी पेटलेली असते, वरून ऊन.

आता पांदणवाटदादांचं. घाम येणं थांबलं असं तुम्हाला वाटलं, पण बहुधा तो येत होता आणि कोरड्या हवेत त्वचेवर दिसायच्या आधीच उडत होता. बनियनवर पांढरे पट्टे आले होते का बघा. उन्हात काटा येणं, हुडहुडी, दोन-दोन दिसणं ही शरीराची शेवटची हाक असते. त्यापुढे माणूस बरळतो, तोल जातो, पडतो. तुम्ही अगदी वेळेवर थांबलात. ते दोन किलोमीटर मनातून काढून टाका.

दुसरं, शनिवारचं ऊन रविवारी वजा होत नाही, त्यात भर पडते. जेवण नाही, झोप तीन तास, मीठ पोटात गेलेलं नाही. तुम्ही रविवारी सुरुवातीच्या रेषेवरच अर्धे रिकामे उभे होता.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पळणारा पडला तर त्याला नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर चुकलं, बरळला, तर तो नुसता दमलेला नाही, उष्माघात धरून चाला. १०८ ला फोन एकाने लावायचा, बाकीच्यांनी त्याच वेळी सावलीत नेऊन कपडे सैल करून पाणी ओतायचं. मान, काखा, जांघा, डोकं, सगळीकडे, आणि दुपट्ट्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालत राहायचं. जवळ पाण्याचं टाकं किंवा हौद असेल तर डोकं धरून मानेपर्यंत त्यात बसवा, त्याइतकं लवकर काहीच थंड करत नाही. आधी थंड करा, मग हलवा. मोटारसायकलवर मध्ये बसवून तापलेल्या हवेत वीस मिनिटं नेणं म्हणजे ती वीस मिनिटं वाया घालवणं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका छातीत जातो. तापाची गोळीही देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

---

पांदणवाट | ३ मे, १०:५८

ताई, आत्ता बनियन काढून पाहिलं. काळं आहे. पाठीवर तीन पांढऱ्या रेघा, एकाखाली एक, नदीचं पाणी उतरल्यावर काठावर राहतात तशा. हे मी बघितलंच नव्हतं.

---

जुना_गडी | ३ मे, ११:०४

ताईचं बैलाचं पटलं. आमचा ढवळ्या दुपारी बाराले आपोआप निंबाखाली जाऊन उभा राहे, मंग कितीबी ओढा.

---

वर्धेकाठ | ३ मे, ११:०९

मग पुढच्या शर्यतीत झेंडी दाखवायला ढवळ्यालाच बोलवा. वेळेवर तरी येईल. :)

---

हिंजवडीतून_वणी | ४ मे, सकाळी ७:१५

मूळचा वणीचा, पुण्यात नोकरी. मुंबईत दमट हवेत पळालोय आणि वणीत कोरड्या हवेतही. फरक कूलरवरून समजून घ्या. विदर्भात कूलर गारवा देतो, मुंबईत तोच कूलर नुसता ओलावा करतो, कारण तिथे पाणी उडतच नाही. आपलं अंगही कूलरच आहे. म्हणून आपल्या कोरड्या उन्हात ओला दुपट्टा मानेवर, ओली टोपी, दर दोन किलोमीटरला डोक्यावर पाणी, हे खरंच काम करतं. पण कूलरच्या टाकीत पाणी हवं, म्हणजे पोटात पाणी आणि मीठ हवं.

आणि चांदा_भट्टी, तारीख-वेळ दोन्ही बदलून पण ऊन सुटत नाही कधीकधी. २०१९ मध्ये दोह्याला जागतिक स्पर्धेतली बायकांची मॅरेथॉन रात्री बाराच्या ठोक्याला सोडली होती. तरी ३२ अंशांच्या वर तापमान आणि दमट हवा. ६८ जणी पळाल्या, ४० च पोहोचल्या. जगातल्या सगळ्यात तयारीच्या बायका होत्या त्या. म्हणजे पाऱ्याचा आकडा एकटा बघून चालत नाही, हवेतला ओलावा, ऊन, वारा, सगळं मिळून बघावं लागतं.

---

चांदा_भट्टी | ४ मे, ७:४०

हेच तर म्हणतोय मी. त्यांच्याकडे डॉक्टर, बर्फ, गाड्या सगळं होतं. आपल्याकडे एक ड्रम आणि एक मोटारसायकल.

---

आठशे_मीटर | ४ मे, सकाळी ८:३०

मी पोलीस भरतीची तयारी करते. आम्हा मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. सगळे सांगतात पहाटे चारला पळा. कुठे पळू? आमच्या गावाबाहेर रस्त्यावर दिवा नाही. कुत्री आहेत, रेतीचे ट्रॅक्टर अंधारात सुसाट येतात. बाबा सोबत येतात तेव्हा मी चारला निघते, ते शेतात जागलीला गेले की नाही जमत. मग उजाडायची वाट पाहते. पावणेसहाला उजाडतं आणि सातला ऊन चटका देतं. माझ्या हातात तो सव्वा तास.

म्हणून मला अशा शर्यती हव्या आहेत. तिथे रस्ता मोकळा असतो, माणसं असतात, आईबाबा नाही म्हणत नाहीत. मे महिन्यात शर्यती बंद केल्या तर मुलं कालव्यावर पळतीलच. आमचं घरी बसणं ठरलेलं आहे. बंद करू नका. वेळेवर सोडा.

---

उपकेंद्र_ताई | ४ मे, ८:४४

हिच्यासारखं कुणी बोलायलाच हवं होतं. बाळा, तुझ्या गावात अजून दोघी-तिघी असतील भरतीच्या. मिळून पळा. आणि घरची एक बाई सायकलवर मागे. आमच्या गावात चार मुली अशाच पळतात, मागे एकीची आजी लुनावर असते.

---

मंडळाचा_माणूस | ४ मे, दुपारी १:२०

धागा वाचला. ती शर्यत आमची नाही, पण मीही आमच्या गावात दर १ मेला दहा किलोमीटर घेतो, सहा वर्षं. आयोजकाची बाजू मांडतो, चूक झाकायला नाही.

बक्षिसाचे पैसे कुणीतरी देतो. टी-शर्ट कुणीतरी देतो. तो म्हणतो झेंडी मी दाखवणार. तो रात्री लग्नात असतो, सकाळी उठत नाही. त्याला सोडून शिटी वाजवली तर पुढच्या वर्षी पैसे नाहीत. पोलिसांची परवानगी, रस्त्यावर उभे राहायला पोरं, रुग्णवाहिकेसाठी अर्ज, हे सगळं मी करतो. पण सुरुवातीची वेळ माझ्या हातात नाही, हे दुखणं आहे.

दोन वर्षांपूर्वीची नाही, त्याच्याही आधीची गोष्ट (मधली दोन वर्षं कोरोनात गेली). आमच्याकडेही शर्यत सव्वासातला सुटली. एक पोरगी फिनिशनंतर माझ्याकडे बघत होती आणि मला ओळखत नव्हती. माझ्या सख्ख्या चुलत भावाची पोरगी. आम्ही देवळाच्या हौदात बसवली तिला. वीस मिनिटांनी "काका" म्हणाली. त्या दिवसापासून मी एक बदल केला. पाहुण्याचा मान बक्षीस वाटपाला. शिटी वाजवतो गावातला सगळ्यात म्हातारा पळणारा, पाच पंचवीसला. पाहुण्याला आधीच सांगतो की साहेब, तुम्ही आठला या, फोटो चांगला येतो, पोरं ताजी दिसतात, गर्दी जास्त असते. दोघांनी पैसे दिले नाहीत. एकाने दुप्पट दिले.

---

पांदणवाट | ४ मे, १:५०

दादा, हे वाचून अंगावर काटा आला, आणि हा उन्हाचा नाही. तुमचं हे मी इथून उचलून त्या मंडळाला दाखवू का?

---

मंडळाचा_माणूस | ४ मे, २:०२

दाखव. माझा नंबर निरोपात पाठवतो. मी बोलतो त्यांच्याशी.

---

काळी_माती | ४ मे, ४:१५

पळताना खिशात कांदा ठेवता का कुणी? आमची आजी ठेवायला लावते.

---

वर्धेकाठ | ४ मे, ४:२१

मी ठेवला होता. पाच किलोमीटर मांडीवर आपटत होता. शेवटी भाकरीबरोबर खाल्ला, तेव्हा गुण आला.

---

उपकेंद्र_ताई | ४ मे, ४:५०

खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही, पोटातल्या कांद्याने जेवण जातं, म्हणून तो ताटात ठेवा. आदल्या रात्री ज्वारीची आंबील आणि ताक, किंवा मीठ-जिरं-गूळ घातलेलं कैरीचं पन्हं, हे आपल्या घरातलं उत्तम आहे. ओआरएसची पुडी घेतली तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात पुडी ओतून पिणारे मी पाहिलेत, त्याने उलट्या होतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

---

भंडाऱ्याचा | ४ मे, ५:३०

टरबूज की डांगर (म्हणजे खरबूज)? शर्यतीनंतर काय बरं?

---

काळी_माती | ४ मे, ५:३४

डांगर. नदीच्या वाडीतलं.

---

वर्धेकाठ | ४ मे, ५:३५

टरबूज. यात वाद नाही.

---

चांदा_भट्टी | ४ मे, ५:४१

डांगर, वरून साखर. वाद आहे.

---

हिंजवडीतून_वणी | ४ मे, रात्री ८:००

पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. घाबरून ढसाढसा नुसतं पाणी पिणंही धोक्याचं. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ सालच्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. शंभरात तेरा जणांच्या रक्तातलं मीठ कमी झालेलं होतं, आणि त्यात पळताना भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेले पुढे होते. तहान लागेल तसं प्या, मीठ सोबत घ्या. दहा किलोमीटरला दोन-तीन वेळा घोटभर पुरतं. बाकीचं पाणी डोक्यावर.

---

जुना_गडी | ४ मे, ८:२५

तेंदूपत्ता तोडणारे बघा. गडचिरोली-गोंदियाकडं आता हंगाम सुरू होईन. पहाटे अंधारात जंगलात जातात, नऊ-दहाले गठ्ठे डोक्यावर घेऊन घरी. मोहफुलं वेचणारेबी तसेच. उनाशी कसं वागावं ते त्याईले कोनी शिकवलं नाई. सकाळ आपली, दुपार सूर्याची. पोट्टे हो, मी काल बोललो ते मांगं घेतो. भिऊ नका म्हनतो, पन त्याच्या वेळेत जाऊ नका.

---

आठशे_मीटर | ४ मे, ८:४०

आजोबा, तुम्ही आमच्या गावचे असता तर तुमच्याच हातात शिटी दिली असती.

---

चांदा_भट्टी | ५ मे, सकाळी ६:३०

आठशे_मीटर ताईंचं वाचल्यावर रात्री विचार केला. सरसकट बंदीचं मी मागे घेतो. पण एक अट ठेवा : सहा वाजले आणि शिटी वाजली नसेल तर शर्यत रद्द. पत्रिकेवर छापा. आदल्या दिवशी लाटेचा इशारा असेल तर दहाची पाच करा. आणि नवतपात, २५ मे ते २ जून, अजिबात नको. ते नऊ दिवस रात्रही थंड होत नाही.

---

पांदणवाट | ८ मे, रात्री ९:४५

उशिरा आलो. गुरुवारी त्या मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन आलो. मंडळाचा_माणूस दादांनी आधीच फोन केला होता. मी भांडायला गेलो नव्हतो, पण मनात राग होता हे खरं. अध्यक्ष माझ्याच वयाचे निघाले. त्या पडलेल्या पोराच्या घरी ते स्वतः तीनदा जाऊन आलेले. म्हणाले, "सव्वासहालाच मला सोडायचं होतं, हिंमत झाली नाही." पुढच्या वर्षी साडेपाचला शिटी, सहा वाजल्यानंतर शर्यत नाही, हे पत्रिकेवर छापायचं कबूल केलं. पाण्याचे ड्रम मैदानावर दोन, रस्त्यावर चार, आणि फिनिशजवळ गुरांचं सिमेंटचं टाकं आहे ते आदल्या रात्री भरून ठेवायचं. ते टाकं पडलेल्या पोरापासून दोनशे मीटरवर होतं. त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

तो पोरगा बरा आहे. दहा दिवस पळू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, तो रोज मला फोन करून विचारतो किती दिवस राहिले.

आणि बाबांकडे गेलो होतो. त्याच वावरात होते. पऱ्हाटीचा ढीग लावून झाला होता. टरबूज नेलं आणि डांगरही नेलं, कारण इथे निकाल लागला नव्हता. बाबांनी डांगर घेतलं, टरबूज सुनेने. मी दुपट्टा धुऊन परत नेला होता. म्हणाले, ठेव तुला, सकाळी पळतोस ना, मानेवर टाकत जा.

आज पहाटे साडेचारला निघालो. दुपट्टा भिजवून मानेवर. सहा किलोमीटर, अगदी सावकाश. पांदणीच्या शेवटी पोहोचलो तेव्हा उजाडत होतं.